वन्संची गोळी

८ जून

वन्सं,

फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता. पत्राचं तसं होत नाही. फाडायचं झालं तरी आधी पाकीट उघडावं लागतं, आणि उघडलं की दोन ओळी डोळ्यांखालून जातातच. म्हणून पत्र.

तुमच्या लेकीचा फोन आला होता. तिने चुगली केली असं समजू नका, पोरगी घाबरली आहे. मागच्या खेपेला ती तुमच्याकडे आली तेव्हा कात्री शोधायला तिने दुकानातला खालचा खण उघडला. रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्यांखाली तिला तुमच्या हृदयाच्या गोळ्या सापडल्या. पाकिटंच्या पाकिटं, भरलेली, रबर लावून नीट रचलेली. तुमचा नीटनेटकेपणा कुठे कुठे नडतो बघा.

"मामी," ती मला म्हणाली, "गोळ्या पडून आहेत आणि रिपोर्ट झकास येतोय. डॉक्टर आईची पाठ थोपटतात. हे कसं काय? आईला विचारलं तर म्हणते, माझं रक्तच चांगलं."

तिला कळलं नाही, मला कळलं. मी त्या घरात नांदले आहे. मामंजी काय म्हणायचे? मालक काम बघायला यायच्या आदल्या दिवशी दारासमोरच्या भिंतीवर आणखी एक हात मारायचा, मालक तीच भिंत बघतो. तुम्ही तपासणीला रक्त द्यायच्या आधी पंधरवडाभर गोळी घेता आणि रक्त देऊन झालं की बंद करता. बरोबर ना? नाही म्हणू नका. हे रंगाऱ्याच्याच डोक्यात येऊ शकतं, आणि तुम्ही मामंजींची लेक आहात.

मी तिला अजून काही बोललेले नाही. आधी तुम्हाला विचारते आहे.

तुमच्या हृदयाच्या नळीत जाळी, ती स्टेंट, बसवून दोन वर्षंही झालेली नाहीत. जाळी बसवली म्हणजे आजार गेला असं नसतं. तुमच्या धाकट्या भावाची, ह्यांचीही गोळी अशीच सुटली होती, रिपोर्ट चांगला आला म्हणून. पुढे काय झालं ते आपण दोघी जाणतो. इतकी वर्षं त्यावर आपण बोललो नाही आणि आजही त्यासाठी लिहीत नाही. गोळी घ्या, एवढंच लिहायचं होतं.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. वाचनालयात सकाळी फाटकी पुस्तकं चिकटवायला जाते, दुपारी तिथेच बसून वाचते. घरी येऊन करायचं काय असतं?

तुमची भावजय


१९ जून

वन्सं,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर आलं याचाच मला आनंद झाला, मग आत काही का असेना.

तुम्ही लिहिता, "पंडितीणबाई, डॉक्टरकी पुरे. रिपोर्टची प्रत सोबत पाठवते आहे, डोळे भरून बघ. गोळीने माझे दोन्ही पाय दुखतात. मला दुकान उभ्याने चालवायचं असतं, ते काही तुझं वाचनालय नव्हे."

रिपोर्ट बघितला. आकडे खरंच सुरेख आहेत, चौकटीत लावून भिंतीवर टांगावेत असे. पण वन्सं, गोळी तुमच्या पोटात जाते वर्षातून दोन-तीन पंधरवडे. पाय मात्र बारा महिने दुखतात म्हणता. मग बाकीचे दिवस ते कशाने दुखतात? उगाच त्या गोळीवर आळ घेऊ नका. आणि गोळीने दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करतात, दुसरी गोळी देऊन बघतात, रक्त तपासतात. तुम्ही सांगत नाही, कारण सांगायला गेलात तर ते विचारतील, रोज घेता ना? आणि तुम्हाला डॉक्टरांशी तोंडावर खोटं बोलवत नाही. खण चालतो, तोंड चालत नाही. इतकी तर मी तुम्हाला ओळखते.

आता थोडी डॉक्टरकी. शिव्या द्या, पण वाचा.

मला आधी वाटायचं, रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि चरबी म्हणजे गाळ. गाळ साचत गेला की एक दिवस नळ तुंबतो. तुम्हालाही तसंच वाटत असणार, सगळ्यांनाच वाटतं. पण मी वाचलं ते वेगळं होतं. चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही. ती नळीच्या भिंतीत शिरते, आतल्या पातळ अस्तराखाली. मग शरीराचे पहारेकरी तिला खायला जातात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. आत सूज येते आणि वर राहतो एक पातळ पापुद्रा.

वन्सं, हा पोपडा आहे. ओल धरलेल्या भिंतीवर येतो तोच. हे तुम्हाला मी काय समजावणार? वरून रंग तुकतुकीत असतो आणि बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. तुम्ही दोघं भावंडं परक्या घरात पाहुणी म्हणून गेलात तरी बोलता बोलता भिंती वाजवायचात, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मोठ्ठा पोपडा असेल तोच फुटतो असं नाही. ज्याचा पापुद्रा पातळ आणि आत सूज जास्त, तो फुटतो. फुटला की त्याच्यावर रक्त गोठतं, गुठळी होते आणि वाट बंद. ह्यांच्या बाबतीत असंच झालं असणार, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही ऐकायला थांबला नव्हतात.

ती गोळी नुसती रक्तातली चरबी उतरवत नाही. आतली सूजही निवते. पापुद्रा हळूहळू जाड होतो. नळीचं अस्तर पुन्हा कामाला लागतं, रक्ताचा जोर वाढला की सैल पडायचं असतं ते त्याला जमू लागतं. रक्ताची गोठायची घाईही जराशी कमी होते म्हणतात. एका गोळीला इतकी कामं कशी जमतात, हा प्रश्न मलाही पडला होता. तर शरीरात कोलेस्टेरॉल ज्या रस्त्याने तयार होतं, त्याच रस्त्याने आणखीही काही माल तयार होऊन पेशींकडे जातो, आणि तो माल त्यांना चेतवतो, आवळायला लावतो. गोळी त्या रस्त्याच्या तोंडाशीच नाका घालते. मग पुढे जाणारा सगळाच माल घटतो.

रिपोर्टात यातलं काय दिसतं? फक्त रक्तातली चरबी. भिंतीचं काही दिसत नाही. आकडा पंधरा दिवसांत ऐकतो, भिंत ऐकत नाही. तिला महिने लागतात, वर्षं लागतात. आणि गोळी सोडली की आकडाही परत फिरतो आणि सूजही. तुम्ही दर वेळी दारासमोरच्या भिंतीवर हात मारता आणि मागची खोली तशीच ओली ठेवता.

ओल्या भिंतीवर रंग मारणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते मी इथे लिहीत नाही. टपाल खात्यात बायकाही काम करतात.

तुमची भावजय


७ जुलै

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. लेक म्हणाली, गोळ्या घ्यायला अजून सुरुवात नाही. "मामी, मी ओरडले तर आई म्हणते, तुझं घर सांभाळ." तिला म्हटलं, आईवर ओरडू नकोस. तुमच्या घराण्यात ओरडलं की माणूस शिडीवर चढून बसतो.

आज लिहिते आहे ते माझी एक चूक दुरुस्त करायला. मागच्या पत्रात मी जरा जास्त ठासून लिहिलं. पुस्तकातलं वाचून आलेलं शहाणपण कच्चं असतं, ते आधी कोणाला तरी दाखवून घ्यावं. म्हणून तुमच्याच डॉक्टरांकडे जाऊन आले. हो, तुमच्याच, तपासणीला तुम्ही आमच्या गावी ज्यांच्याकडे येता तेच. ह्यांनाही तेच बघायचे, त्यामुळे मला ओळखतात. तुमच्या खणाबद्दल एक अक्षर बोलले नाही, घाबरू नका. माझा रक्तदाब मोजायच्या निमित्ताने गेले होते.

ते म्हणाले, "काय बाई, आज काय वाचून आलात?"

मी सगळं सांगितलं. पोपडा, पापुद्रा, नाका. ते ऐकत होते, मध्येच हसले. थट्टा म्हणून नव्हे. म्हणाले, "पोपडा चांगला आहे. मी उद्यापासून वापरतो. पण नाक्याचं जरा जपून सांगा."

"चुकलं का?"

"चुकलं नाही, पण वजन चुकलं. त्या गोळीचं पहिलं काम चरबी उतरवायचंच. बहुतेक फायदा त्यातूनच होतो. बाकीची कामं प्रयोगशाळेत दिसतात, माणसातही काही काही दिसतात. पण त्यातलं गोळीने थेट किती केलं आणि चरबी उतरल्यामुळे आपोआप किती झालं, ते सोडवून दाखवणं अवघड आहे. चरबी कमी झाली की सूजही उतरतेच ना? त्यावर आम्हा लोकांत अजून भांडणं चालतात."

"तुमच्यातही भांडणं?"

"घरच्यापेक्षा जास्त."

तर वन्सं, मी जे छातीठोकपणे लिहिलं ते तितकं छातीठोक नाही. भिंत सुधारते हे खरं. कोणत्या वाटेने किती सुधारते, हे शिकलेल्यांनाही नक्की माहीत नाही. मला वाटलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. एका जागी वाढवून सांगितलेलं उघडकीला आलं, तर बाकीचं खरंही तुम्ही कचऱ्यात टाकाल.

तुमच्यासाठी हिशेब मात्र तोच राहतो. डॉक्टर म्हणाले, ज्याला एकदा झटका आला किंवा जाळी बसली, त्याने आकडा चांगला दिसतो म्हणून गोळी सोडायची नसते. आकडा चांगला दिसतो तो गोळीमुळेच.

त्यांना आणखी एक गोष्ट विचारली. ती आज लिहीत नाही. थकले आहे. चिकटवायला आलेली पुस्तकंही हल्ली जड लागतात.

तुमची भावजय


२ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस. आता सांग. माझ्यामुळे गेला का तो?"

पाकिटावरचा पत्ता तुमच्या हातचा होता, सरळ, पट्टी लावल्यासारखा. आतली ओळ मात्र उतरत गेली होती. मी ती वाचून घडी घातली आणि कुलूप लावून बाहेर पडले. बराच वेळ चालत होते.

त्या दिवसाचं मलाही सगळं आठवतं. खोली माणसांनी भरलेली होती. तुम्ही आलात आणि दारातच म्हणालात, "मीच मारलं माझ्या भावाला." मग माझ्याकडे बघत उभ्या राहिलात. मी नाही म्हणावं, म्हणून. मला कळत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीत ठेवलेल्या डब्याकडे बघत होते, ह्यांनी सकाळी कुंचले भिजत घातले होते त्या डब्याकडे. ते कुंचले आता कोण धुणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही निघून गेलात, त्या पुन्हा त्या खोलीत आला नाहीत.

मी रागावून गप्प बसले असं तुम्ही धरून चाललात. राग नव्हता असं नाही. मला आठवत होतं ना, तुम्ही ह्यांचा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाला होतात, "अरे, सगळं ठीक आहे की! बऱ्या झालेल्या माणसाने औषध कशाला खायचं? शरीराला खोड लागते." पण हेही काही दुधखुळे नव्हते. गोळी त्यांना आधीपासूनच नको होती. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. तुमचं ऐकलं, कारण तुम्ही त्यांच्या मनातलं बोललात. ती गोळी बंद करणारी दोघं होती, एक राहिलं.

मी गप्प बसले कारण मला उत्तर माहीत नव्हतं.

मागच्या पत्रात म्हटलं ना, डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारली. ती हीच. "ह्यांनी गोळी सोडली नसती तर आज असते का?"

त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, "बाई, शंभर जणांना ही गोळी दिली तर त्यातले काही जण वाचतात, एवढं मी खात्रीने सांगतो. कोणते, ते मला आधी कळत नाही. नंतरही कळत नाही. गोळी घेऊनही काही जण जातात. न घेता काही जण म्हातारे होतात."

"म्हणजे माहीत नाही."

"नाही. आणि कोणी माहीत आहे म्हणालं, तर विश्वास ठेवू नका."

तेव्हा वन्सं, माझं उत्तर हे आहे. मला माहीत नाही. तुम्हाला "नाही" हवं होतं. ते लिहायला मला काय लागलं असतं? दोन अक्षरं. तुम्ही गोळी घ्याल म्हणून लिहूनही टाकलं असतं. पण तुम्ही माझं खोटं लगेच ओळखता, आणि मग ती दोन अक्षरं तुम्हाला अजून जड झाली असती.

आता मी विचारते. तुमच्या पायांचं खोटं, रक्त चांगलं असल्याचंही खोटं. भावाची गोळी बंद केली, मग आपण कोणत्या तोंडाने घ्यायची, असंच ना? खण भरत गेला तो यासाठी ना? ही शिक्षा तुम्हाला कोणी दिली? मी तर दिली नाही. तुमचा भाऊ देणाऱ्यातला नव्हता. तुमचीच फिर्याद, तुमचाच निकाल आणि फाशीही तुमच्याच हाताने. एवढा मोठा दरबार भरवलात, मला नुसतं साक्षीला तरी बोलवायचं होतंत.

मी येते आहे. कधी ते लिहीत नाही, नाहीतर तुम्ही दुकान बंद ठेवाल.

तुमची भावजय


२१ ऑगस्ट

वन्सं,

घरी पोहोचले. जे बोलणं झालं ते लिहून पाठवते, कारण महिनाभराने तुम्ही म्हणाल, मी असं बोललेच नाही.

मी आले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. जाडा माणूस, हातात उशीचा अभ्रा, त्याला हुबेहूब त्या रंगाची खोली हवी होती. तुम्ही मला बघितलंत आणि न बघितल्यासारखं करून त्याला म्हणालात, "साहेब, हा अभ्रा वीस वेळा धुतलेला आहे. भिंत वीस वेळा धुणार आहात का?" तो हसला. तुम्ही नाही हसलात. रंग ढवळताना तुम्हाला दम लागत होता, हात मध्येच थांबत होता आणि तुम्ही ते खोकल्यावर ढकलत होतात. मी बघितलं.

तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "ये, पंडितीणबाई. बस. स्टुलावर रंग सांडलेला नाही."

मी बसले नाही. खालचा खण उघडला आणि गोळ्यांची सगळी पाकिटं काउंटरवर मांडली. तुम्ही म्हणालात, "झडती घ्यायला आलीस?"

"हो."

"मग घेतलीस ना? आता जा."

"चहा तरी विचारा. इतक्या लांबून आले."

तुम्ही चहा ठेवलात. पाठमोऱ्याच बोललात, आणि ते बोलणं मी वाटेत पुन्हा पुन्हा आठवत आले. तुम्ही म्हणालात, "अगं, तुला समजत नाही. मी ती गोळी हातात घेते ना, तर मला वाटतं, ही त्याच्या वाटची. मी ती खाल्ली आणि जगले, ऐंशी वर्षांची झाले, तर त्याचा अर्थ काय होतो? मला सगळं माफ, असा ना? मला सुटायचं नाहीये."

मला इतका थकवा आला तेव्हा, वन्सं. रडूही आलं नाही. इतक्या पुस्तकांतून शोधून काढलेलं, पोपडे आणि पापुद्रे आणि नाके, सगळं तुमच्यापुढे मांडलं होतं, आणि तुमची अडचण त्यात कुठेच नव्हती. मी म्हटलं, "तर मग सुटू नका."

तुम्ही वळलात.

मी म्हटलं, "कोण म्हणतंय सुटा? गोळी घ्या आणि सुटू नका. दोन्ही एकदम करता येतं. मी करते की. रोज उठते, दात घासते, जेवते, रक्तदाबाची गोळी घेते, आणि त्यातून एक दिवसही सुटत नाही. गोळी घेणं म्हणजे माफी नव्हे. ती नुसती गोळी आहे, वन्सं. तिला तुमच्या भावाबद्दल काहीही माहीत नाही."

"तुला काय मिळणार आहे मी जगून?" तुम्ही म्हणालात. तुमच्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, पण तो प्रश्न टोमणा नव्हता. तुम्हाला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तिथे मी नीट उत्तर दिलं नाही, चहा उतू गेला, आपण दोघी फडकं शोधायला लागलो. आता देते.

मला ह्यांची शेवटची वीस-बावीस वर्षं माहीत आहेत. त्याआधीचं काहीच नाही. मामंजी गेले, सासूबाईंना तर मी पाहिलंच नाही. ह्यांना स्वतःबद्दल बोलायची सवय नव्हती, विचारलं तर म्हणायचे, "काय असणार? लहान होतो, मोठा झालो." ते कसले खोडकर होते, कशाला रडायचे, पहिला कुंचला कोणी हातात दिला, यातलं जे काही आहे ते आता फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही गेलात की ते संपलं. मग माझा नवरा एकदम मोठा झालेला, मिशी आलेला असाच कुठून तरी टपकला असं होईल. मला अर्धाच माणूस उरेल. तुमच्या जगण्यात माझा असा आपमतलब आहे. आता तुम्हाला पटलं तर बघा. मोठेपणाने वगैरे मी आले नव्हते.

निघताना मी काउंटरवर एक गोळी काढून ठेवली, शेजारी पाण्याचा पेला. तुम्ही त्या गोळीवर गिऱ्हाइकाचं बिल ठेवलंत. गोळ्यांची बाकीची पाकिटं मात्र जुनी आहेत, तारीख उलटली असेल ती फेका. डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगा आणि नवी लिहून घ्या. दम लागतो आहे आणि हात मध्येच थांबतो आहे, तेही सांगा. ते पायाचं सोंग नाही, हे मला दिसलं.

तुमची भावजय


१४ सप्टेंबर

वन्सं,

लेकीचा फोन आला. "मामी, आई डॉक्टरांसमोर खरं बोलली! डॉक्टर आधी रागावले आणि मग खूप हसले. म्हणाले, रिपोर्टाला रंग लावणारी पहिलीच बाई बघितली." त्यांनी आणखी तपासण्या केल्या, औषधं बदलली, आणि तुम्ही रोज घेता आहात, असं ती म्हणाली. पायाला काही होतंय का ते महिन्याने बघणार आहेत. मी तिला म्हटलं, आता खण उघडून बघू नकोस. आईच्या शब्दावर राहा. राहवेल की नाही, ते माहीत नाही.

आणि तुमचं पत्र. पहिल्यांदाच पान उलटावं लागलं.

हे शिडीला घाबरायचे? वन्सं, मी ज्या माणसाशी लग्न केलं तो चार मजल्यांच्या बाहेरून लोंबकळत शीळ घालायचा. लोकांची बायका-मुलं खाली जमून बघायची. आणि तुम्ही लिहिता, मामंजींनी पहिल्यांदा कामावर नेलं तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर गेला की डोळे मिटून घ्यायचा. म्हणून भिंतीचा वरचा अर्धा भाग तुम्ही रंगवायचात आणि खालचा ते. मामंजींना कळू नये म्हणून दोघांचा हात सारखा फिरायला हवा, तर तुम्ही त्यांना वरून ओरडून सांगायचात, "आता डावीकडून, आता हलका." आणि जिथे दोन हात मिळायचे तिथे ते बोळ्याने पुसत बसायचे, जोड दिसू नये म्हणून, तासच्या तास.

मी ते पत्र वाचनालयात वाचलं. शेजारी एकजण वर्तमानपत्र वाचत होता, त्याने विचारलं, "काय झालं बाई, वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही हो, माझा नवरा शिडीला घाबरायचा." त्याने वर्तमानपत्र उचललं आणि पलीकडे जाऊन बसला.

मग ते वर चढायला लागले कधी? कोणामुळे? तुम्ही नाही लिहिलंत. डोळे मिटायचे थांबले, ते आपोआप, की तुम्ही काही केलंत? आणि सासूबाईंना हे माहीत होतं का? माझ्याशी ते या बाबतीत एक शब्द बोलले नाहीत. याचा मला जरा राग आला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा राग आला, बरं वाटलं.

लिहा. आठवेल तसं लिहा, क्रम लागला नाही तरी चालेल. एकदम सगळं लिहून मोकळ्या होऊ नका. मला घाई नाही.

तुमची भावजय